‘बरे वाटणे’ आणि ‘बरे असणे’ : द्विध्रुवी मनोविकार व मराठी वाक्य

मराठीत रुग्णाची विचारपूस करताना जो प्रश्न सर्वप्रथम केला जातो, तो ‘आता बरे वाटते का?’ हा होय. ज्वर, अस्थिभंग, शस्त्रक्रिया, बाळंतपण अशा नाना प्रसंगी हा एकच प्रश्न पुरतो, आणि उत्तर होकारार्थी आले की विचारणारा निश्चिंत होऊन परततो. ज्या व्याधीत हे होकारार्थी उत्तर संपूर्ण प्रामाणिक असते आणि तरीही ते ऐकून सावध व्हावे लागते, अशी व्याधी विरळा. उन्माद आणि विषाद यांच्या आवर्तनांनी ओळखला जाणारा मनोविकार या विरळा व्याधींपैकी आहे. वैद्यकाच्या अमेरिकी वर्गीकरणात १९८० साली त्याला ‘बायपोलर डिसऑर्डर’ हे नाव मिळाले आणि मराठी लेखनात तो ‘द्विध्रुवी विकार’ म्हणून रुळू लागला. उन्मादाच्या चढणीवर असलेल्या माणसाला खरोखरच बरे वाटत असते. पूर्वी कधी वाटले नव्हते इतके बरे वाटत असते. त्याच्या आप्तांना मात्र त्याच सुमारास झोप येईनाशी होते.

या विकाराविषयीच्या मराठी लेखनाची व चित्रणाची परीक्षा बहुधा दोन कसोट्यांवर केली जाते : वैद्यकीय माहिती अचूक आहे काय, आणि लेखकाची दृष्टी सहानुभूतीची आहे काय. दोन्ही कसोट्या आवश्यक आहेत. तथापि या दोहोंना उतरणारी कृतीही रोग्याचा आणि त्याच्या घरच्यांचा दिवस वाचकापर्यंत पोहोचवील, अशी खात्री देता येत नाही. दिवस पोहोचतो तो क्रियापदांतून, विभक्तींतून आणि काळांतून. यास्तव तिसरी एक कसोटी लावून पाहणे युक्त ठरते : मराठी वाक्य या विकाराला कोठे सामावून घेते, आणि कोठे त्याचे दोन तुकडे करून टाकते?

विकाराचे स्वरूप प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. उन्मादावस्थेत झोपेची गरज घटते, पण थकवा जाणवत नाही. विचार एकामागून एक धावतात, बोलणे आवरत नाही, स्वतःच्या सामर्थ्याविषयी अवाजवी खात्री वाटू लागते. पैसा, शब्द आणि शरीर यांच्या वापरातला नेहमीचा आवर सुटतो. ही स्थिती किमान आठवडाभर टिकली, किंवा त्याआधीच रुग्णालयात न्यावे लागले, तर तिला पूर्ण उन्माद म्हणतात. सौम्य रूपात किमान चार दिवस राहिली तर अल्पोन्माद. विषादाची मर्यादा किमान दोन आठवड्यांची धरली जाते, पण तो महिनेच्या महिने रेंगाळतो. दोन्ही अवस्थांची लक्षणे एकाच वेळी दिसावीत, अशी मिश्र स्थितीही असते आणि ती फार धोक्याची मानली जाते. रोगी या टोकाकडून त्या टोकाकडे सतत हेलकावत असतो, ही सर्वसाधारण समजूत मात्र खरी नव्हे. अमेरिकेत पहिल्या प्रकारच्या, म्हणजे पूर्ण उन्माद येऊन गेलेल्या, १४६ रुग्णांचा सुमारे १३ वर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात शेकडा ४७ आठवडे लक्षणांचे आढळले. त्यांपैकी ३२ विषादाचे, ९ उन्मादाचे वा अल्पोन्मादाचे आणि उरलेले मिश्र वा झपाट्याने पालटणाऱ्या अवस्थांचे. उरलेले शेकडा ५३ आठवडे लक्षणांविना गेले. साहित्याला आकर्षण वाटते ते त्या ९ आठवड्यांचे. घराला संसार करावयाचा असतो तो ३२ आणि ५३ यांच्याशी.

भारतापुरते बोलावयाचे तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर हजारी सुमारे तीन प्रौढ त्या वेळी या विकाराने ग्रस्त आढळले, आणि त्यांतील सुमारे ७० टक्के उपचारांच्या कक्षेबाहेर होते. या ७० टक्क्यांची कारणे अनेक आहेत. डॉक्टरांची टंचाई, खर्च, लोकापवादाची भीती ही नेहमी सांगितली जातात. विकार ‘विकार’ म्हणून ओळखू न येणे हे त्यांतले एक, आणि ओळखीचा प्रश्न काही अंशी भाषेचा असतो.

उन्माद आणि विषाद ही एकाच व्याधीची दोन रूपे आहेत, हे युरोपीय वैद्यकालाही सहज उमगले नव्हते. १८५४ साली पॅरिसमध्ये फाल्रे आणि बायार्जे या दोन वैद्यांनी जवळजवळ एकाच वेळी हा संबंध मांडला आणि श्रेयावरून त्यांच्यात वादही झाला. बायार्जेने त्याला ‘दुहेरी रूपाचे वेड’ म्हटले, तर फाल्रेने ‘वर्तुळाकार वेड’. पुढे १८९९ मध्ये क्रेपेलिन या जर्मन वैद्याने ‘उन्माद-विषाद’ असे जोडनाव रूढ केले आणि १९५७ मध्ये लिओनहार्टने एकध्रुवी व द्विध्रुवी असा भेद केला. या नामावलीत फाल्रेचे विशेषण सर्वांत अर्थवाही होते असे म्हणावेसे वाटते. वर्तुळाला मधल्या जागा असतात. ध्रुवांना केवळ टोके. मराठीने ‘द्विध्रुवी’ हा शब्द इंग्रजीवरून बेतला आणि त्यासोबत ही उणीवही घेतली. दोन ध्रुवांवर एकाच वेळी उभे राहता येत नाही. मिश्र अवस्थेतल्या रोग्याला मात्र नेमके तेच करावे लागते.

आपल्या प्राचीन वैद्यकातही हे दोन धागे वेगळे आहेत. चरकसंहितेत उन्मादाचे वातज, पित्तज, कफज, सन्निपातज आणि आगंतुज असे पाच प्रकार वर्णिले आहेत. विषादाची नोंद मात्र निराळ्या ठिकाणी, वाताच्या ऐंशी विकारांच्या गणनेत येते. चरकाने दोहोंकडेही व्याधी म्हणून पाहिले, हे महत्त्वाचे. लोकभाषेने तितकेही केले नाही.

मराठी लोकभाषेतील या दोन अवस्थांचे शब्दभांडार शेजारी मांडून पाहिले असता एक विलक्षण विषमता नजरेत भरते. विषादासाठी मराठी शरीराकडे जाते : ‘हातपाय गळाले’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘मन उडाले’, ‘माणूस खचला’. यांतील बहुतेक प्रयोग रोग्याला दोष देत नाहीत. जे घडते ते त्याच्यावर ओढवलेले असते. उलट उन्मादासाठी जे शब्द हाताशी आहेत, ते जवळजवळ सगळे वर्तनाचा निवाडा करणारे आहेत : ‘डोक्यात वारे शिरले’, ‘वारा प्यायलेला’, ‘घोड्यावर बसला आहे’, ‘माज आला’, ‘ताळतंत्र सोडले’. या गटातला सर्वांत बोलका शब्द ‘उधळणे’ हा होय. घोडा उधळतो, गुलाल उधळतात, पैसा उधळतात, आणि ‘आता तो उधळला आहे’ असे माणसाविषयीही म्हणतात. बंध तुटून सुटलेली गती, उत्सव आणि नासाडी या तिन्ही छटा एकाच क्रियापदात एकवटल्या आहेत, आणि उन्मादाचे वर्णन याहून अचूक करणारा दुसरा शब्द कोणत्याही परिभाषाकोशात सापडणे कठीण. परंतु त्या शब्दाची किंमत अशी की, ज्याला ‘उधळ्या’ म्हटले त्याला कोणी वैद्याकडे नेत नाही. त्याला समज देतात, त्याच्या हातून चेकबुक काढून घेतात, नाहीतर लग्न करून टाकतात.

अशा रीतीने एका व्याधीचा अर्धा भाग शरीराच्या खात्यात आणि उरलेला स्वभावाच्या खात्यात नोंदला जातो. ‘लहरी’ हा एकच जुना शब्द चढ आणि उतार या दोहोंना कवेत घेतो. पण तोही स्वभावाचेच विशेषण आहे. याचा परिणाम केवळ भाषिक राहत नाही. रोगी डॉक्टरांकडे जातो तो विषादात, आणि सांगतो ते गळालेल्या हातापायांविषयी. मागल्या वर्षी तीन आठवडे तो रात्ररात्र जागून नव्या धंद्याचे आराखडे करीत होता, हे त्याला सांगावेसेच वाटत नाही. ते त्याच्या लेखी दुखणे नव्हते. घरच्यांच्या लेखीही नव्हते, तो त्याचा ‘माज’ होता. निदान मग निव्वळ विषादाचे होते, आणि केवळ विषादरोधक औषध दिले गेले तर काही रुग्णांत त्यानेच उन्माद चेतवला जाण्याची भीती असते. योग्य निदानाला कित्येक वर्षे लागावीत, ही या विकाराच्या बाबतीत जगभर आढळणारी गोष्ट आहे. महाराष्ट्रात त्या विलंबाला ‘उधळणे’सारख्या शब्दांचाही हातभार लागत असला पाहिजे. विषादाची कहाणीही निष्कलंक नाही हे येथेच नोंदवावे. शरीराची भाषा वापरूनही रोगी महिन्या-दोन महिन्यांत उठला नाही, की ‘सोंग’ हा शब्द येतो, आणि ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण तर तयारच असते.

आता वाक्यरचनेकडे वळू. मराठीत अनुभव घेणारा बहुधा ‘ला’ प्रत्ययाने येतो : त्याला ताप आला, तिला झोप लागली, मला भीती वाटते. दक्षिण आशियातील भाषांचे हे एक समान लक्षण असून भाषाशास्त्रज्ञांनी त्याचा विस्ताराने अभ्यास केला आहे. ‘त्याला वेड लागले’ हे वाक्य याच घडणीचे. येथे माणूस वेगळा आणि वेड वेगळे. वेड बाहेरून येऊन चिकटले आहे, आणि जे चिकटते ते सुटूही शकते. ‘लागणे’ या क्रियापदाला तहान, चटक, पिसे आणि भूत हे सारे चालतात. जुन्या मराठीने तर ‘वेडे’ आणि ‘पिसे’ हे शब्द ईश्वरपुरुषांनाही लावले. महानुभाव वाङ्मयात ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंच्या ज्या लीळा सांगितल्या आहेत, त्यांत भोवतालच्या लोकांच्या तोंडी हे शब्द येतात. त्यांत हेटाळणी आहे, पण दुरावा नाही. त्या वेड्याला गावाने आपल्या दिनक्रमात जागा दिलेली आहे. याउलट ‘तो वेडा आहे’ हे विशेषणाचे वाक्य. त्यात माणूस आणि विकार यांच्यामध्ये फट उरत नाही. पुणेकराच्या तोंडी ‘येरवडा’ आणि मुंबईकराच्या तोंडी ‘ठाणे’ हे जे उल्लेख थट्टेने येतात, ते या दुसऱ्या वाक्याचेच भौगोलिक रूप आहे.

गेल्या काही वर्षांत शहरी मराठीत ‘ती बायपोलर आहे’ हे वाक्य शिरले आहे. वरकरणी हे प्रगतीचे चिन्ह : शब्द वैद्यकीय आहे, शिवी नव्हे. घडण मात्र ‘ती वेडी आहे’ याचीच. ‘तिला बायपोलर आहे’ असे म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचे मराठी ‘तिला मधुमेह आहे’ या साच्याला धरून असल्यामुळे अधिक शहाणपणाचे आहे. एका ‘ला’ प्रत्ययाने रोग्याचे स्वत्व वाचते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही रोगी स्वतः दोहोंपैकी कोणते वाक्य उच्चारतो, याकडे उपचार करणाऱ्याने लक्ष द्यावे, इतके तरी सुचविता येते. तिकडे तरुणांच्या बोलण्यात हवामान, वरिष्ठ अधिकारी आणि क्रिकेटचा संघ हे सारेच ‘बायपोलर’ होऊ लागले आहेत. नवा शब्द इतक्या लवकर गुळगुळीत व्हावा, हे त्या शब्दाचे दुर्दैव.

‘ला’ने येणाऱ्या सर्व वाक्यांत प्रस्तुत विकाराच्या दृष्टीने निर्णायक ठरते ते ‘मला बरे वाटते’ हे. ‘बरे’ या शब्दाचे मराठीत तीन संसार आहेत. ‘बरे वाटणे’ हा अनुभव, ‘बरे होणे’ ही घटना आणि ‘बरे असणे’ ही स्थिती. बहुतेक दुखण्यांत हे तिन्ही एकापाठोपाठ येतात, म्हणून त्यांतला भेद जाणवत नाही. द्विध्रुवी विकारात ते एकमेकांपासून सुटतात. उन्मादात बरे वाटते, पण माणूस बरा नसतो. औषधांनी समतोल साधला की तो बरा असतो. पण त्याला ‘बरे’ वाटतेच असे नाही, कारण पूर्वीच्या उसळीच्या मानाने हे दिवस त्याला फिके भासतात. आणि ‘बरे होणे’ ही जी पूर्ण झालेली घटना मराठीला अभिप्रेत आहे, ती या विकारात बहुधा घडतच नाही. घडते ते आवरणे, टिकवणे, लांबवणे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या वैद्याने उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवून दिला, आणि आज इतकी औषधे आली तरी पुनरावर्तन रोखण्याच्या कामी त्या क्षाराला मान आहे. पण त्याची मात्रा अरुंद मर्यादेत राखावी लागते, रक्तातील प्रमाण वरचेवर तपासावे लागते, मूत्रपिंड आणि कंठग्रंथी यांवर लक्ष ठेवावे लागते. हे सारे कोणासाठी? तर ज्याचे आप्त आणि जो स्वतः ‘आता बरा झाला’ असे म्हणत आहे त्याच्यासाठी. ‘बरा झाला’ या दोन शब्दांनंतर मराठी माणसाला गोळी चालू ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि गोळी सुटली की फेरा पुन्हा सुरू होण्याचा धोका वाढतो.

कलाकृतींकडे या दृष्टीने पाहिले असता काय दिसते? वसंत कानेटकरांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ हे नाटक १९५७ मध्ये आले आणि मनोविकृतीला मराठी रंगभूमीवर गंभीर विषयाची प्रतिष्ठा मिळाली. शीर्षकातच ‘घर’ आहे, हे त्या नाटककाराच्या सूक्ष्म जाणिवेचे द्योतक. पण रोगी तेथेही ‘वेडा’ या नामानेच आला आहे. त्यानंतरच्या काळातील दोन लक्षणीय कृती चित्रपटाच्या आहेत, आणि दोन्ही सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या : ‘देवराई’ (२००४) छिन्नमनस्कतेवर आणि ‘कासव’ विषादावर. ‘कासव’ला २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. दोहोंचे मोल निर्विवाद आहे. मनोरुग्णाकडे भयाने वा हास्याने न पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकाला त्यांनी लावली, आणि आजारी माणसाच्या सोबतीला असलेल्या माणसाची दमछाकही दाखविली. तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दोन्ही चित्रपटांचा श्वास कोकणाचा आहे. एकात देवाच्या नावाने राखलेले रान, दुसऱ्यात कासवे जेथे अंडी घालतात तो समुद्रकिनारा. रान आणि समुद्र यांना घड्याळ नसते. मनाला सावरावयास लागणारा अवकाश तेथे मिळतो, हे खरेच. परंतु ज्याला सोमवारी सकाळी कामावर रुजू व्हावयाचे आहे अशा रोग्याचे काय, हा प्रश्न त्या अवकाशात विरून जातो. विषादाला किनारा मानवेल. द्विध्रुवी विकाराचा मूळ प्रश्नच वेळापत्रकाचा आहे.

या कसोटीवर सर्वाधिक खरी उतरते ती कृती मुळात मराठी नाही. जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही इंग्रजी कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली. ‘रीटा वेलिणकर’ (१९९०) या स्वतःच्या मराठी कादंबरीत मनाने कोलमडलेल्या स्त्रीचे चित्र त्यांनी आधीच रेखाटले होते. त्यामुळे हे काम योग्य हाती पडले. मुंबईतील माहीमच्या लहानशा घरात राहणारे मूळ गोव्याचे ख्रिस्ती कुटुंब : आई इमेल्डा म्हणजे एम, वडील ऑगस्टीन, मुलगी सूझन आणि कथा सांगणारा अनाम मुलगा. आईला उन्माद-विषादाचा विकार आहे. ती विड्या ओढते, चहा पिते, वाह्यात विनोद करते, आणि आपल्या जीवावर उठते. मुलाच्या जन्मानंतर आपल्या आत काळे काही ठिबकू लागले, असे ती नळाच्या प्रतिमेतून सांगते. प्रसूतीनंतरचा काळ या विकाराच्या दृष्टीने विशेष जोखमीचा असतो, हे वैद्यकाचे विधान तेथे एका घरगुती प्रतिमेत उतरले आहे. पण ती प्रतिमा ऐकणारा मुलगाच असल्यामुळे तिचा भार काही निराळाच होतो. इंग्रजीतील ‘मॅड’ हा रोजच्या वापरातला हलकाफुलका शब्द आपल्या घरात मात्र हलका राहू शकत नाही, याचा विचार कथक थांबून करतो. आपणही उद्या असेच होऊ, ही भीती त्याला सोडत नाही. आईवडील वा भावंड यांपैकी एकाला हा विकार असता तो होण्याची शक्यता शेकडा ५ ते १० धरली जाते, म्हणजे बहुतेकांना तो होत नाही. पण भीतीला टक्केवारी कळत नाही.

या कादंबरीचे यश सहानुभूतीत नाही, काळात आहे. मराठीतील रुग्णकथा बहुधा साध्या भूतकाळात चालते : झटका आला, दाखल केले, शॉक दिले, सुटला. घटना मोजक्या आणि पूर्ण. ‘एम’ची कथा मुख्यतः जे पुन्हापुन्हा घडत असे त्याची आहे. मराठी व्याकरणकारांनी ज्याला रीतिभूतकाळ म्हटले, त्याचा हा प्रांत. इंग्रजीत एका ‘वुड’वर भागते, मराठीत ‘ती बोले’, ‘ती बोलत असे’ आणि ‘ती बोलायची’ अशी तीन रूपे आहेत. पहिले आज ग्रंथाळलेले, दुसरे इतिहासाचे, तिसरे घरातले. आजारी आईविषयी मुलगा बोलू लागला म्हणजे त्याच्या तोंडी साहजिकच तिसरे येणार : ती जागायची, ती रडायची, ती आम्हांला हसवायची. या ‘-यची’त विकार आणि स्वभाव यांना वेगळे काढता येत नाही, आणि मुलांच्या दृष्टीने तेच खरे असते. ज्या साधनाने हा विकार सांगता येतो ते साधन मराठीत पूर्वापार आहे. मराठी लेखकांनीच ते या कामी फारसे वापरलेले नाही.

शीर्षकाच्या भाषांतराविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ‘बिग’चे ‘मोठा’ न करता ‘राव’ करणे, हे वरवर गमतीचे वाटेल. वस्तुतः ती त्या कादंबरीची समीक्षाच आहे. ‘राव’ या प्रत्ययात नवऱ्याविषयीची लाडिक थट्टा आहे, आणि घर ज्याच्या खांद्यावर उभे आहे त्याच्याविषयीचा आदरही. ऑगस्टीन नोकरीवर जातो, पैसे मिळवतो, औषधे आणि रुग्णालये निभावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नोकरीवर जातो. या विकाराच्या कथेत असा माणूस बहुधा पार्श्वभूमीला असतो. मराठी शीर्षकाने त्याला मानाचे पान वाढले. ‘मोठा हूम’मध्ये हे काही आले नसते.

माहीमचे ते घर विसाव्या शतकाचे होते आणि त्यातला कर्ता पुरुष सकाळी जाऊन संध्याकाळी येणारा होता. आजचे वेळापत्रक पाहावयाचे तर पुण्याच्या पश्चिमेस हिंजवडीला गेले पाहिजे. हिंजवडी, माण आणि मारुंजी या मुळशी तालुक्यातील गावांच्या शिवारात औद्योगिक विकास महामंडळाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसविला. म्हातोबाच्या यात्रेत बगाड निघते ते हेच गाव. तेथील पुष्कळ काम परदेशी ग्राहकांसाठी चालते आणि त्यांच्या घड्याळाला बांधलेले असते. न्यूयॉर्क पुण्याच्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे आहे, कॅलिफोर्निया साडेबारा ते साडेतेरा. भारतात घड्याळ पुढेमागे करण्याची पद्धत नाही. पण अमेरिका मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये आपले काटे हलविते, आणि हिंजवडीतील अनेक माणसांच्या बैठकीची, जेवणाची व पर्यायाने झोपेची वेळ तासाभराने सरकते.

इतरांच्या दृष्टीने ही किरकोळ गैरसोय ठरेल. परंतु निद्राभंग हा उन्माद चेतविणाऱ्या कारणांत अग्रगण्य मानला जातो. एलेन फ्रँक या अमेरिकी संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी याच जाणिवेवर एक उपचारपद्धती उभारली. तीत औषधांच्या जोडीने रोजच्या पाच वेळांची नोंद ठेवतात : अंथरुणातून उठणे, दुसऱ्या माणसाशी पहिला संपर्क, कामाला आरंभ, रात्रीचे जेवण आणि झोपणे. या पाच क्रिया ठरल्या वेळी होत राहिल्या की मनाचा तोल राखण्यास साहाय्य होते, असा तिचा आधार आहे. पाचही क्रिया रीतिकाळाच्या आहेत हे सांगावयास नको. पाळी बदलत गेली की पाचांपैकी एकही जागेवर राहत नाही. शिवाय अल्पोन्मादातील माणूस अशा ठिकाणी काही काळ उत्तम कर्मचारीच ठरतो : तो थकत नाही, रात्री दोनलाही उत्तरे देतो, चार नव्या कल्पना मांडतो. घरी ज्याला ‘उधळला’ म्हणतात, त्याचे कार्यालयात कौतुक होते. पुढे विषाद आला म्हणजे तोच माणूस रजेचा अर्ज करतो आणि त्यात ‘प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे’ असे लिहितो. हा जुना मोघम शब्दप्रयोग थट्टेचा विषय झाला असला तरी त्याने कित्येकांची नोकरी वाचविली असेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराचा समावेश २१ दिव्यांगत्वांत केला आहे आणि खाजगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण ठेवणे बंधनकारक केले आहे. तरीसुद्धा अर्जात विकाराचे नाव लिहिण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नाही.

या माणसावर मराठीत कादंबरी झाली पाहिजे, असा उपदेश समीक्षेने करू नये. तिने फार तर कोणता मजकूर आज प्रत्यक्ष लिहिला जाऊ शकतो, ते दाखवावे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेड होते; १९८७ च्या कायद्याने तो शब्द टाकला; २०१७ च्या कायद्याने आणखी पुढे जाऊन प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला. स्वतःविषयी निर्णय घेण्याची क्षमता आजारपणात हरपल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात नमूद करता येते. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही. कायद्याच्या अभ्यासकांना त्यातील व्यावहारिक अडचणी ठाऊक आहेत. भाषेच्या अभ्यासकाला त्यात एक अपूर्व प्रश्न दिसतो. या लेखातील ‘मी’ दोन आहेत : लिहिणारा, जो बरा आहे, आणि ज्याच्याविषयी लिहिले जात आहे तो, ज्याला बरे वाटत असेल. दुसऱ्या ‘मी’ने पहिल्याचे म्हणणे त्या क्षणी साफ नाकारावयाचे आहे, हे गृहीत धरूनच पहिल्याला वाक्य रचावे लागते. मराठीत ते कसे रचावे? तृतीयपुरुषात लिहावे तर स्वतःपासून तुटलेपण येते. आज्ञार्थ वापरावा तर ती इतरांना केलेली ताकीद होते. संकेतार्थ उरतो : ‘सलग तीन रात्री न झोपताही मी ताजातवाना दिसलो, मोठी खरेदी करू लागलो, आणि विचारल्यावर मला फार बरे वाटते असे सांगितले, तर माझ्या बहिणीला कळवावे व माझ्या डॉक्टरांकडे न्यावे, मी नको म्हणेन.’ या वाक्यातील शेवटचे तीन शब्द छापील नमुन्यात कोठे बसवावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.